मिनीच्या बॉनेटखालची अडचण

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत ब्रिटिश 'मिनी' जितकी लाडकी, तितक्याच शिव्या ती फिटर लोकांकडून खाते. त्यांची तक्रार खोटी नाही. या गाडीतले कित्येक बोल्ट दिसतात, पण त्यांना पाना लागत नाही. मात्र दोष इंजिनाला देता येणार नाही. १९५९ साली मिनी आली तेव्हा तिच्यातलं ए-सिरीज इंजिन नवं नव्हतं. मॉरिस मायनर या आधीच्या गाडीमध्ये ते १९५२ पासून उभं बसत होतं आणि तिथे दोन्ही बाजूंनी हात खुशाल आत जातो. मिनीचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी तेच इंजिन आडवं केलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, तेलाच्या टाकीत घातला आणि रेडिएटर डाव्या चाकाशेजारी सरकवला. त्यामुळे अवघ्या दहा फुटांच्या गाडीतली तळाची सुमारे ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. त्यातच प्रायोगिक गाडीत पुढच्या बाजूला असलेल्या कार्ब्युरेटरवर बर्फ धरू लागला, म्हणून इंजिन उलटं फिरवलं गेलं. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन्ही इंजिनामागच्या पत्र्याकडे गेले, म्हणजे जिथे जागा सर्वांत कमी तिथेच. हा निष्काळजीपणा नव्हता. मागच्या सीटवरच्या गुडघ्यांना दिलेली जागा फिटरच्या मनगटाकडून वसूल झाली, इतकंच.

मग खास पाने घ्या, असं उत्तर लगेच येतं. पण पान्याचं दुखणं बहुधा कोनाचं असतं. षटकोनी नट ६० अंश फिरला की पुन्हा पहिल्यासारखा होतो, म्हणून सरळ तोंडाच्या फिक्स पान्याला तेवढा झोका हवा. तोंड १५ अंश तिरकं ठेवलं की पाना उलटसुलट करत ३० अंशांत भागतं. बारा कोनांच्या रिंग पान्यालाही तितकेच लागतात आणि ७२ दात्यांच्या रॅचेटला फक्त ५. कागदावर रॅचेट जिंकतो. प्रत्यक्षात त्याला गोटी, युनिव्हर्सल जॉइंट आणि लांब एक्स्टेन्शन जोडलं की त्या सांध्यांच्या ढिलाईतच ते पाच अंश जिरतात आणि तिरका जोर नटाच्या कोपऱ्यांवर येतो. त्यातून मिनीचे नट इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या नटाला १३ चा पाना लावला की तो गोल व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून माझ्या मते अवघड बोल्टचा प्रश्न हत्याराचा कमी आणि क्रमाचा जास्त आहे. मॅनिफोल्डच्या नटांशी झटापट करण्यापेक्षा आधी कार्ब्युरेटर काढावा, इंजिनाला मागच्या पत्र्याशी बांधणारा वरचा दांडा सोडावा आणि नळ्या-केबली ताणल्या जात नाहीत हे पाहत इंजिन जरा पुढे झुकवावं. तेवढ्याने मागे मिळणारी जागा महागड्या पान्यालाही मिळवून देता येत नाही. यावर आक्षेप असा की साठ वर्षांच्या गाडीत जितके जास्त बोल्ट सोडाल, तितके जास्त तुटतील. आक्षेप वजनदार आहे. उष्णतेने आणि गंजाने धरलेले स्टड खरंच मोडतात. पण वाटेतले बोल्ट हाताशी असतात. त्यातला एखादा तुटला तर सरळ ड्रिल लावता येतं. आत पत्र्याकडचा नट गोल झाला की मात्र पुष्कळदा इंजिनच उतरवावं लागतं.

क्रमाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे पाण्याचा पंप आणि हेड यांच्यामधली अंगठ्याएवढी बायपास नळी. ती मायनरमध्येही तितकीच आखूड आहे, पण तिथे पंप समोर येतो. मिनीत तो बाजूच्या पत्र्याकडे तोंड करून असतो. अखंड रबरी नळी जागेवर घालायची तर पंप किंवा हेड काढावंच लागतं. दाबून बसवता येणारी घड्यांची नळी मिळते खरी, पण अडल्यावेळी ठीक. तेव्हा तुमच्याकडे मिनी असेल आणि पंप किंवा हेड कोणत्याही कारणाने निघालं असेल, तर जुनी नळी धडधाकट दिसली तरी मिस्त्रीला ती त्याच वेळी बदलायला सांगा.