खऱ्या हुर्राकाच्या शोधात एक दिवस

कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात मद्याविषयी लिहावे की लिहू नये, याचा मी बरेच दिवस विचार केला. मी स्वतः घेत नाही. आमच्या घरी आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि शाळेच्या पटावरील कितीतरी मुलांच्या घरांची दारूने कशी धूळधाण केली, हे मी नोकरीच्या आयुष्यात जवळून पाहिले आहे. तरीही गेल्या चैत्रात घडलेल्या एका प्रवासाने माझ्या काही ठाम समजुती हलविल्या, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टर येथे नोकरी करतो. सुटीच्या दिवशी जवळच्या एखाद्या शहरी जावे, तेथील जुने पब हुडकावेत आणि खरी ‘एल’ कोठे मिळते ते पाहून संध्याकाळच्या गाडीने परतावे, असा त्याचा छंद. ‘खरी’ म्हणजे काय, असे मी विचारले. तो म्हणाला, “मामा, ही बिअर पिपात भरल्यावरही आतल्या आत मुरत राहते. बाहेरून वायूचा दाब न देता हातपंपाने ती वर काढतात. पीप नीट सांभाळले नाही, तर चार दिवसांत बिघडते. म्हणून ती चांगली मिळणे हे दुकानदाराच्या कसबावर अवलंबून.” मोठ्या कारखान्यांच्या निर्जीव, वायू भरलेल्या बिअरपुढे ही परंपरा बुडू लागली, तेव्हा १९७१ साली चौघा इंग्रज मित्रांनी तिच्या रक्षणासाठी चळवळ उभारली. १९७४ पासून चांगल्या पबांची मार्गदर्शिकाही छापून निघू लागली.

“आपल्याकडे असे काही नाही का?” भाच्याने विचारले. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “पंढरपूर आहे म्हणावं, तिकडे ने त्याला!” पण माझ्या मनात गोवा आला. गोव्याचे हुर्राक आणि फेणी हे त्या एलचे आपल्याकडील जवळचे भावंड होय.

बेळगुंदीहून पहाटे निघालो. गाडी मीच चालविणार होतो. अशा सहलीत एकाने कोरडे राहावे, हा पहिला नियम. किणयेवरून जांबोटीच्या वाटेला लागलो, मलप्रभेचे उगमस्थान कणकुंबी मागे टाकले आणि चोर्ल्याचा घाट उतरून सत्तरी तालुक्यात शिरलो. रस्त्याच्या दोहों बाजूंनी काजूच्या बागा, आणि हवेत पिकल्या बोंडूंचा तो गोड, किंचित आंबूस दर्प. हाच वास मार्च-एप्रिलमध्ये आमच्या शिवारातही दरवळतो. फरक एवढाच की, आमच्याकडे बी पिरगळून घेतात आणि बोंडू बांधावर टाकून देतात. तो तेथेच कुजतो.

काजू मूळचा ब्राझिलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आणला. येथल्या माणसाने मात्र त्याच्या फळातून आपली स्वतःची विद्या निर्माण केली. एका बागेतील भट्टीवर आम्ही तासभर थांबलो. झाडावरून बोंडू तोडायचा नाही, आपोआप गळून पडलेला पिकला बोंडूच वेचायचा, हे तेथील म्हाताऱ्या मालकाने प्रथम सांगितले. बिया वेगळ्या केल्यावर कोळंबीत, म्हणजे उथळ कुंडात, पायांनी बोंडू तुडवितात. उरलेल्या चोथ्यावर दगडाचे वजन ठेवले की, त्यातून जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. तो ताजाच प्यावा, त्यात मद्याचा अंशही नसतो. मी दोन पेले घेतले. असे पेय मी पन्नाशी उलटल्यावर प्रथम चाखतो आहे, याचे मला वैषम्य वाटले.

तुडविलेला रस साधारण तीन दिवस आपोआप आंबू देतात. त्यात वरून खमीर घालावे लागत नाही. मग भाणात घालून तो उकळतात, आणि वाफ थंड होऊन दुसऱ्या भांड्यात उतरते. पहिल्या धारेचे ते हुर्राक, सौम्य, मद्यांश सुमारे पंधरा टक्के. त्याचेच आंबलेल्या रसासह पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते, मद्यांश चाळीस टक्क्यांच्या वर. हुर्राक टिकत नाही, म्हणून ते हंगामातच मिळते. पाऊस आला की संपले. फेणी मात्र वर्षानुवर्षे राहते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली गोवा शासनाने फेणीला वारशाच्या पेयाचा मान दिला.

दुपारी पणजीला पोहोचलो. पहिल्याच झगमगीत दुकानात आमची फसगत झाली. काचेच्या पेल्यात आले ते हुर्राक म्हणून, पण भाच्याने नाकाशी नेताच पेला खाली ठेवला. फळाचा गंध नाही, नुसती स्पिरिटची उग्रता. पैसे देऊन मुकाट्याने उठलो. भाचा म्हणाला, “मामा, लेस्टरलाही असेच होते. पाटीवर विश्वास ठेवायचा नाही.”

मग आम्ही फोंतेन्हासच्या गल्ल्यांत शिरलो. पिवळ्या, निळ्या भिंती, लाकडी सज्जे, आणि मधूनच एखादे एका खोलीचे तावेर्न. जोसेफ बारसारख्या लहानशा जागांचे नाव जाणकार आदराने घेतात. आम्ही गेलो ते तावेर्न असेच इवलेसे होते. चार बाके, भिंतीवर क्रूस आणि शेजारी कॅलेंडर. मालकाने प्रथमच विचारले, “हंगामाचे हवे ना?” कोणत्या गावच्या भट्टीवरून माल येतो, हे त्याने न विचारता सांगितले. बाटली हलवून वर चढणारे बुडबुडे दाखविले. फेणी हे नाव त्या फेसावरूनच पडले असे म्हणतात. भाच्याने लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातलेला एक पेला घेतला, अर्धा तास पुरविला आणि उठला. दुसरा मागितला नाही. शेजारच्या बाकावरील वृद्ध गृहस्थांनीही एकच घेतला, वर्तमानपत्र वाचले आणि घरी गेले.

हे दृश्य मला परतीच्या वाटेवर सोडीना. आमच्या भागात दारू म्हटली की काळोखातली, लपवून, पोटात आग ओतणारी वस्तू आठवते. कर्नाटकात २००७ साली अरक बंद झाला, पण व्यसन थांबले असे मी म्हणू शकत नाही. माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी वडिलांच्या दारूपायी सातवीतच शाळा सोडून गेली, तिचा चेहरा घाटात गाडी चालविताना डोळ्यांसमोर होता. एक बाकावर वर्तमानपत्र, एक रिकामे बाक शाळेत. फळाची जात एक, मग हा फरक कशाचा? मालाच्या सचोटीचा असेल, माणसाच्या मापाचा असेल, की गरिबीचा? गोव्यातही घरे उद्ध्वस्त होतात, हे मी जाणतो. म्हणून उत्तर देण्याचे धाडस करीत नाही.

रात्री घरी आलो. आईने दारातच विचारले, “घेतलीस का रे?” म्हटले, “नाही गं, नीरो तेवढा प्यालो.” तिने तो काय असतो ते नीट समजावून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो, ती बांधावरचे पिकले बोंडू परडीत वेचीत होती. संध्याकाळी घरात त्यांचा मुरंबा झाला. पहिला घाणा करपला, दुसरा बरा उतरला. भाचा त्याची एक बरणी लेस्टरला घेऊन गेला.