रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पाणी

रुग्णास औषध दिवसातून दोन-तीन वेळा दिले जाते; पाणी मात्र दिवसभर त्याच्या पोटात जात असते. ते पेल्यातून जाते, तसेच भातातून, वरणातून, पेजेतून, चहातून आणि धुतलेल्या ताटावाटीवरूनही जाते. घरातील पाणी बिघडले तर एका कुटुंबास त्रास होतो. मोठ्या स्वयंपाकघरात एकाच टाकीतील पाणी प्रत्येक खाटेपर्यंत व रुग्णासोबत आलेल्या प्रत्येक नातेवाइकाच्या ताटापर्यंत पोहोचते. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, नुकतीच बाळंत झालेली माता, सिकलसेलचा रुग्ण यांना साधा गॅस्ट्रोही महागात पडू शकतो. यास्तव, पाण्याची व्यवस्था हा आम्ही रुग्णसेवेचाच एक भाग मानतो. "स्वयंपाकघरासाठी पाणी शुद्ध करण्याचे कोणते यंत्र द्यावे?" असे आमचे हितचिंतक आपुलकीने विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

पाण्याचे दोष एकसारखे नसतात

चंद्रपूर आणि 1982 साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे वनांचे व नद्यांचे जिल्हे आहेत. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती अशा नद्या असूनही अनेक गावांची व संस्थांची भिस्त विहिरीवर किंवा बोअरवेलवर असते. जमिनीखालचा खडक जसा, तसा पाण्याचा गुण. राजुरा-कोरपना भागातील ज्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे आहेत, तशा खडकातून आलेले पाणी जड असते. काही ठिकाणी पाण्यात लोह असते. असे पाणी भरताना स्वच्छ दिसते आणि थोड्या वेळाने तांबूस होते. केंद्रीय भूजल मंडळाने फ्लोराइडबाधित म्हणून नोंदविलेल्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही आहेत. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते आणि त्यासोबत रोगजंतू येतात.

यांपैकी गढूळपणा डोळ्यांना दिसतो. जंतू व फ्लोराइड दिसत नाहीत. त्यांना वास नाही, चवही नाही. म्हणून पहिले काम यंत्र घेण्याचे नसून प्रयोगशाळेत पाणी तपासून घेण्याचे आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार फ्लोराइड एका लिटरमध्ये 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. जडपणासाठी याच मर्यादा अनुक्रमे 200 व 600 मिलिग्रॅम अशा आहेत.

उकळणे पुरेसे का नाही

पाणी उकळले की निर्धोक झाले, असा सर्वसाधारण समज आहे. जंतूंच्या बाबतीत तो बरोबर आहे. फ्लोराइडच्या बाबतीत मात्र उलट घडते. 100 लिटर पाणी उकळून 80 लिटर राहिले, तर वाफ निघून जाते आणि फ्लोराइड भांड्यातच राहते, 1.6 मिलिग्रॅमचे प्रमाण 2 मिलिग्रॅमवर जाते. आपल्याकडे मुख्य अन्न भात. तो शिजताना पाणी शोषून घेतो व पाण्यातील फ्लोराइडही त्यासोबत पोटात जाते. लहान मुलांच्या कायमच्या दातांवर याचे डाग पडतात. वर्षानुवर्षे सेवन झाल्यास हाडे व सांधे आखडतात. ज्यांचे मूत्रपिंड नीट काम करीत नाही, त्यांच्या शरीरातून फ्लोराइड कमी प्रमाणात बाहेर पडते; अशा रुग्णांबाबत अधिक दक्षता हवी.

जड पाण्याची अडचण स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना सर्वांत आधी कळते. तुरीची डाळ शिजता शिजत नाही. कारण पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवते. मग खाण्याचा सोडा टाकला जातो. त्याने डाळ मऊ होते, परंतु तिच्यातील ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते. वाफेच्या भांड्यांत पांढरा थर साचतो व इंधन अधिक लागते.

प्रत्येक दोषावर निराळा उपाय

गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा लागतो व नंतर ते वाळूच्या गाळणीतून काढावे लागते. गढूळ पाण्यात थेट टीसीएल पावडर टाकल्यास तिचा बराचसा क्लोरीन त्या गाळावरच खर्च होतो आणि जंतू वाचतात. निवळलेल्या 1000 लिटर पाण्यास ताजी टीसीएल पावडर साधारण 5 ग्रॅम लागते. त्यानंतर किमान अर्धा तास थांबावे व ओटी चाचणी करावी. पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक असेल, तरच टाकीतून नळापर्यंतच्या वाटेत पाणी सुरक्षित राहते.

जडपणासाठी सॉफ्टनर वापरतात. त्यातील राळेचे मणी कॅल्शियम धरून ठेवतात व बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा कामास लावतात. यात एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. जडपणा 400 मिलिग्रॅमने कमी केला, तर लिटरमागे सुमारे 184 मिलिग्रॅम सोडियम वाढते. हृदयविकार व मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना मीठ तोलून द्यायचे आणि पाण्यातून सोडियम वाढवायचे, हे योग्य नव्हे. म्हणून सॉफ्टनरचे पाणी बॉयलरसाठी व भांडी धुण्यासाठी असावे. पिण्यासाठी व शिजवण्यासाठी नव्हे. सॉफ्टनरने फ्लोराइड जात नाही, हेही लक्षात असावे.

फ्लोराइडसाठी नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत प्रसिद्ध आहे. तीत तुरटी, चुना व ब्लिचिंग पावडर मोजून मिसळतात आणि गाळ बसल्यावर वरचे पाणी काढून घेतात. खर्च कमी, परंतु मापात चूक चालत नाही व गाळाची विल्हेवाट लावावी लागते. आरओ यंत्र फ्लोराइड व जडपणा दोन्ही कमी करते; मात्र त्यातून नाकारलेले पाणी बरेच निघते आणि त्यात फ्लोराइड अधिक दाट झालेले असते. ते गुरांना पाजू नये, बोअरवेलमध्ये सोडू नये. फरशी व संडास धुण्यास वापरावे.

यंत्रानंतरचे काम

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याने अन्न देणारी संस्था नफ्यासाठी असो वा धर्मादाय, दोघींना एकच नियम लावला. 2011 च्या नियमांनुसार अन्न हाताळण्यास, धुण्यास व शिजवण्यास पिण्यायोग्य पाणीच वापरावयाचे आहे. कायद्यापलीकडे एक साधा अनुभवही आहे : यंत्र बसविण्याचा दिवस एकच असतो, त्याची देखभाल मात्र रोज करावी लागते. वेळेवर न बदललेली गाळणी जंतूंचे घर होते. उघड्या डब्यातील टीसीएल पावडर हवेने व ओलाव्याने निकामी होते. उत्तम शुद्ध केलेले पाणी झाकण नसलेल्या पिंपात ठेवून त्यात हात बुडविला, तर आधीची सारी मेहनत वाया जाते. शिवाय आपल्या भागात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा परिसरातील संस्थांनी टीसीएल, तुरटी, मीठ व चाचणीचे साहित्य मृगापूर्वीच भरून ठेवले पाहिजे.

देणगीदार व विश्वस्त बंधुभगिनींना म्हणूनच आमची नम्र विनंती आहे. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. वर्षभराच्या पाणी तपासणीवर, मिठाच्या पोत्यावर, बदललेल्या गाळणीवर किंवा रोज सकाळी ओटी चाचणी करून वहीत नोंद करणाऱ्या व्यक्तीच्या मानधनावर ते कोरता येत नाही. तरीही रुग्णाच्या ताटातील पाणी याच गोष्टींमुळे निर्धोक राहते. यंत्रासाठी देणगी देताना त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीचाही विचार व्हावा.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एवढेच सांगणे आहे : पिण्याचे पाणी नेमून दिलेल्या नळावरूनच घ्यावे, भांडे झाकून ठेवावे, ओगराळ्यानेच पाणी काढावे. आणि त्या नळाच्या पाण्याची आज तपासणी झाली का, हे स्वयंपाकघरात निःसंकोचपणे विचारावे. नोंदवही दाखविणे हे आमचे कर्तव्यच आहे.