पैठणचा राजा, उज्जैनचा विक्रम

१९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और वेताल’ सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. डोंगरकड्यात त्या वेळी टीव्ही बोटांवर मोजण्याइतके. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर रविवारी अर्धी आळी जमायची. मध्येच वीज गेली की गोष्ट तिथेच तुटे आणि राजाने काय उत्तर दिले असेल, यावर आम्हा पोरांचा आठवडाभर वाद चाले. हा राजा कुठला, हा प्रश्न मात्र तेव्हा कुणालाच पडला नाही. मला तो पडला बऱ्याच वर्षांनी, सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ भाषांतरातून पहिल्यांदा वाचताना.

मालिकेतला विक्रम उज्जैनचा. सोमदेवाची वेताळकथा मात्र सुरू होते गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आपल्या पैठणात. राजाचे नाव त्रिविक्रमसेन. लोकप्रिय हिंदी परंपरेत तो उज्जैनचा विक्रमादित्य झाला आणि रामानंद सागरांच्या मालिकेने तीच परंपरा घेतली. नांदेडला गेलो की जी गोदावरी मी पुलावरून पाहतो, तिच्याच काठचा राजा आमच्या ओसरीवर परगावचा होऊन आला आणि आम्ही त्याला ओळखले नाही. प्रथम मला याचा रागच आला. मूळ ग्रंथाशी ही बेइमानी आहे, असे वाटले. पण ‘मूळ ग्रंथ’ म्हणजे कोणता, हे शोधू लागलो तेव्हा तो राग फार काळ टिकला नाही.

कथासरित्सागर हा अकराव्या शतकातला ग्रंथ. काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी सोमदेवाने तो रचला. अठरा लंबक, १२४ तरंग आणि वीस हजारांहून अधिक श्लोक. विद्याधर, यक्ष, पिशाच्चे, शाप, पुनर्जन्म, आकाशगमन असे सारे त्यात आहे. आज इंग्रजीत ज्या प्रकाराला ‘एपिक फँटसी’ म्हणतात, त्याची ही फार जुनी आणि फार मोठी मालिका होय. पण सोमदेव स्वतःला तिचा कर्ता म्हणवत नाही. आपण गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चा संक्षेप करीत आहोत, भाषा तेवढी बदलली आहे, बाकी मुळाबरहुकूम आहे, अशी ग्वाही तो आरंभीच देतो. रूपांतरकाराचे हे जाहीर निवेदन आपल्याला नवे नाही. मालिकेच्या सुरुवातीच्या पाटीवर आपण ते नेहमी वाचतो.

बृहत्कथेची जन्मकथाही पैठणचीच. जलक्रीडेत राणीने संस्कृतात ‘पाणी उडवू नका’ म्हटले. सातवाहन राजाला त्यात ‘मोदक’ ऐकू आले आणि त्याने मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला आणि त्याने संस्कृत शिकायचे ठरवले. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. पैज लागली, गुणाढ्य हरला आणि ठरल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडल्या. मग विंध्याच्या अरण्यात त्याने पिशाच्चांच्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची कथा लिहिली. भाषा पैशाची आणि शाई रक्ताची, म्हणून राजाने ती नाकारली. तेव्हा अग्निकुंड पेटवून गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलेले पान आगीत टाकू लागला. जनावरे चरायचे सोडून ऐकत बसली. राजाच्या ताटात सुकलेले मांस येऊ लागले, तेव्हा कुठे त्याने चौकशी केली. तो पोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळले होते. उरलेली लाखभर श्लोकांची नरवाहनदत्ताची कथा तेवढी वाचली.

ही दंतकथा खरी, पण तिच्या तळाशी असलेली वस्तुस्थिती तितकीच बोचरी आहे. बृहत्कथा आज उपलब्ध नाही. आहेत ती तिची रूपांतरे : सोमदेवाचे, त्याच्या आधीचे क्षेमेंद्राचे, नेपाळातील हस्तलिखितांतून हाती आलेले बुधस्वामीचे, संघदासगणीची महाराष्ट्री प्राकृतातली ‘वसुदेवहिंडी’, तमिळमधली ‘पेरुंगदै’. त्यातही वेताळाच्या पंचवीस कथा काश्मिरी परंपरेतच, म्हणजे क्षेमेंद्र आणि सोमदेव यांच्याकडेच सापडतात. म्हणून त्या मूळ बृहत्कथेत नसाव्यात, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. म्हणजे मुळाबरहुकूम असल्याची ग्वाही देणाऱ्या सोमदेवाच्या ग्रंथातला आपल्या सर्वांना ठाऊक असलेला भागच बहुधा मागाहून आलेला आहे! मग रूपांतरकाराने निष्ठा ठेवायची ती कशाशी?

माझे उत्तर असे : चौकटीशी. एखादी गोष्ट गाळली, नाव बदलले, गाव बदलले, तरी कथा तग धरते. पण गोष्ट कोण कोणाला सांगतो, कशासाठी सांगतो आणि सांगणे कुठे संपते, हे सुटले की हाती नुसता गोष्टींचा ढीग राहतो.

वेताळकथेची चौकट पाहा. क्षांतिशील नावाचा भिक्षू दहा वर्षे रोज राजाला एक फळ देतो. एके दिवशी ते फळ माकडाच्या हाती पडते, फुटते आणि आतून रत्न निघते. त्या ऋणापोटी राजा कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात जातो आणि शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत खांद्यावर घेतो. त्या प्रेतात वेताळ आहे. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोके फुटेल, ही धमकी. आणि बोलला की वेताळ परत झाडावर. तेवीसदा हे असेच होते. शेवटच्या कथेत बाप मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी. त्यांना झालेल्या मुलांचे परस्पर नाते काय, असा प्रश्न येतो. राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो. त्या मौनावर प्रसन्न होऊन वेताळ भिक्षूचा कट उघड करतो आणि राजाचा जीव वाचतो. तेवीस उत्तरांनी जे साधले नाही, ते एका मौनाने साधले. हा शेवट नसेल तर राजाची सगळी पायपीट फुकट.

दूरदर्शनच्या मालिकेला या चौकटीचा एक फायदा मिळाला. गोष्टी पंचवीस, भाग सव्वीस. खांद्यावरचा संवाद, गोष्ट, प्रश्न, उत्तर, वेताळाचे उड्डाण, हा साचा अर्ध्या तासात नेमका बसला. अरुण गोविल आणि दीपिका यांना घराघरांत ओळख मिळाली. दोनच वर्षांनी तीच जोडी ‘रामायणा’त आली. पण एक गोष्ट पुसट झाली. पुस्तकात राजाच्या खांद्यावर प्रेत आहे, त्याला वजन आहे, वास आहे. पडद्यावर पांढऱ्या केसांचा बोलका म्हातारा आला आणि प्रेत विसरले गेले. ज्या मुलखात वेताळ ग्रामदैवत म्हणून पुजला जातो, पुण्यात वेताळ टेकडी, मराठवाड्यात वेताळवाडीचा किल्ला आणि गोव्यात बेताळभाटी आहे, तिथे हा वेताळ फारच सौम्य होता.

उलट उदाहरण ‘चांदोबा’चे. शंकर यांच्या चित्रातला तलवारधारी राजा आणि खांद्यावरचा तो देह माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढून जात नाही. पण मासिकाला शेवट परवडत नाही. पंचवीस संपल्यावर नव्या कथा रचल्या गेल्या आणि दशकानुदशके राजा दर महिन्याला बोलतच राहिला. त्याला गप्प बसण्याची संधीच मिळाली नाही.

परदेशातही हीच अडचण दिसते. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबरीमालेवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ साली सुरू झाली. त्याच वर्षी त्यांचा पाचवा खंड आला, सहावा आलाच नाही. मालिका पुस्तकाच्या पुढे निघून गेली आणि २०१९ मध्ये ७३ भागांनंतर जो शेवट तिने केला, त्यावर बहुसंख्य चाहते नाराज झाले. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’चे दुःख वेगळे. चौदा खंडांची ही कथा, लेखकाच्या निधनानंतर ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केलेली. म्हणजे शेवट हाती तयार होता, तरी तिच्यावरची मालिका २०२५ मध्ये तिसऱ्या पर्वानंतर बंद पडली. एकीकडे शेवट नव्हता, दुसरीकडे शेवटापर्यंत जाऊ दिले नाही.

चौकट मोडूनही प्रश्न जपता येतो, हे गिरीश कर्नाड यांच्या ‘हयवदन’ने दाखवले. मस्तकांची अदलाबदल झाल्यावर नवरा कोण, या वेताळाच्या प्रश्नाला राजा ‘मस्तक ज्याचे तो’ असे उत्तर देतो आणि कथा संपते. थॉमस मान यांच्या कादंबरिकेच्या वाटेने कर्नाड त्या उत्तरापुढे जातात : उत्तर मिळाले, पण संसाराचे काय? विजया मेहतांनी हे नाटक मराठीत केले. नाटकात वेताळ नाही, तरीही हे वेताळकथेचे खरे रूपांतर आहे, कारण त्यात प्रश्न जिवंत आहे.

मराठीत १८३० साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ आणली. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी आज मराठी वाहिन्या पौराणिक आणि ऐतिहासिक मालिका सहज काढतात. कुणी कथासरित्सागर हाती घेतलाच, तर माझ्या मागण्या दोनच. राजाला पैठणात राहू द्यावे. आणि पंचविसाव्या भागात त्याला गप्प बसू द्यावे, मग प्रेक्षकसंख्या कितीही वर असो. सोमदेवाकडे शेवटी राजा एकच वर मागतो : या पंचवीस कथा पृथ्वीवर प्रसिद्ध व्हाव्यात. तो वर फळाला आला, फक्त राजाच्या गावाचे नाव वाटेत गळाले.