शालवृक्षाची खरी ओळख

बोधिवृक्ष म्हणजे पिंपळ, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. पण शालवृक्ष कसा असतो, असे विचारले तर मोठी माणसेही गप्प बसतात. लुंबिनीच्या वनात महामायेने शालाची फांदी धरली आणि सिद्धार्थाचा जन्म झाला. पुढे वयाच्या ऐंशीव्या वर्षी कुशीनगर येथे दोन शालवृक्षांमध्ये तथागतांचे महापरिनिर्वाण झाले. असे हे झाड आपण ओळखायला नको का?

श्रीलंका, थायलंडमधील विहारांत 'शाल' म्हणून जे झाड लावतात, ते बहुधा कैलासपती असते. खोडालाच मोठी गुलाबी फुले आणि तोफगोळ्यासारखी फळे येतात, तो कैलासपती. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे बुद्धकाळात भारतात असणे शक्यच नाही. खऱ्या शालाची फुले बारीक, पिवळसर पांढरी, घोसांनी येतात आणि फळाला पाच पंख असतात.

शाल हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, तसेच झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमध्ये वाढतो. तिकडे त्याला साल किंवा सखुआ म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी जुनी पाने गळतात तोच नवी फुटतात, त्यामुळे झाड सहसा उघडे पडत नाही. त्याच्या टणक लाकडाचे रेल्वेचे स्लीपर झाले. चिकापासून धुपाची राळ मिळते, बियांच्या तेलापासून चॉकलेटात वापरायची चरबी. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण तर हजारो आदिवासी भगिनींच्या हाताला काम देतात.

या झाडासाठी माणसे लढलीही आहेत. १८५५ च्या संथाळ उठावाचा निरोप गावोगाव शालाच्या डहाळीने फिरला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिंहभूममध्ये सरकारने शाल तोडून साग लावायला घेतला, तेव्हा आदिवासी आडवे उभे राहिले. सागाला बाजारात भाव, पण शाल पोट भरतो, हा त्यांचा साधा हिशोब होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला.

विहारात शाल लावायची हौस असेल त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचे बी झाडावरून पडल्यावर आठवडाभरातच निकामी होऊ लागते. पुडीत बांधून आणलेले बी उगवेलच असे नाही, रोप आणणेच बरे. आवारात आधीच कैलासपती असेल तर तो मुळीच तोडू नये. पाटी मात्र खऱ्या नावाची लावावी. ऐकीव गोष्ट तपासून घ्या, ही तर तथागतांचीच शिकवण आहे.