वूडी कागदावर बिघडला, माझे पाऊच छापून बिघडले



मागच्या महिन्यात एका कार्यशाळेत चहाच्या सुट्टीत एक ताई भेटल्या. घरून नाचणीचं पीठ, भाजणी करून विकतात. आता पाऊच छापायचाय. म्हणाल्या, "सर, डिझायनर नुसत्या कच्च्या स्केचचे पाच हजार मागतोय. फायनलचे वेगळे. मग कच्च्याला पैसे कशाला घालवायचे? थेट फायनलच करून घेते ना!"

मी तिथं उभ्या उभ्या उत्तर दिलं, पण ते अर्धवटच होतं. या आठवड्याच्या व्हिडिओत ॲनिमेशनच्या कॉन्सेप्ट आर्टचा विषय घेतला तो त्यांच्यामुळे. व्हिडिओत जे राहून गेलं ते इथं लिहितोय.

'टॉय स्टोरी' तुम्ही नाही तर तुमच्या मुलांनी नक्की पाहिलाय. 1995 साली आलेला, पूर्णपणे कॉम्प्युटरवर बनलेला जगातला पहिला मोठा चित्रपट. पिक्सारचाही पहिलाच. आता जरा धंद्याच्या नजरेनं बघा. साध्या सिनेमात कॅमेरा घेऊन खोलीत गेलात की खुर्ची, भिंत, खिडकीतला उजेड आयताच मिळतो. इथं काहीच आयतं नाही. खुर्ची हवी तर कुणीतरी ती आधी काढायची, मग कॉम्प्युटरमध्ये घडवायची, रंगवायची, तिच्यावर उजेड टाकायचा. चित्रपटात 1 लाख 14 हजारांहून जास्त फ्रेम्स. त्या काळच्या मशीनना सोप्या फ्रेमला पाऊण तास लागायचा, अवघड फ्रेमला वीस तासांच्या वर. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर "जरा निळा कमी करा" म्हणणं किती महागात पडेल, हिशोब तुम्हीच करा.

म्हणून आधी कागद. राल्फ एगल्स्टन हे या चित्रपटाचे आर्ट डायरेक्टर. त्यांनी पेस्टल खडूंनी छोटी छोटी चित्रं काढली, गोष्टीच्या क्रमानं. त्याला कलर स्क्रिप्ट म्हणतात. त्यात चेहरे धड नसतात, बारकावे नसतात. फक्त रंग आणि उजेड. पण ती चित्रं ओळीनं लावली की सगळ्या सिनेमाचा मूड एका नजरेत दिसतो. अँडीची खोली आठवा, निळ्या भिंतीवर पांढरे ढग. आणि शेजारच्या सिडची खोली, अंधारी, कोंदट. सहा वर्षांच्या पोरालाही कुणी न सांगता कळतं की खेळणी आता संकटात आहेत. हे असं आधी रंगांत ठरवलेलं असतं.

आणि वूडी? तो सुरुवातीला काऊबॉय नव्हताच. शब्दभ्रमकार मांडीवर घेऊन बोलतो ना तसला बाहुला होता. बझचं सुरुवातीचं नाव लूनर लॅरी. पुढे बड लकी नावाच्या जुन्याजाणत्या चित्रकारानं वूडीला काऊबॉय केलं. एक जुन्या पश्चिमेतला, एक अंतराळातला. दोघांना शेजारी उभं केलं की भांडण आपोआप दिसतं, संवाद लिहायच्या आधीच!

आता खरी गोष्ट. 19 नोव्हेंबर 1993, शुक्रवार. पैसे डिस्नेचे होते, त्यांच्या साहेबलोकांना तोवरचं काम दाखवलं गेलं. वूडी इतका खवचट आणि दुष्ट झाला होता की कुणालाच आवडेना. बझला तो मुद्दाम खिडकीबाहेर ढकलत होता. डिस्नेनं काम थांबवलं. पिक्सारमध्ये त्या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात.

पण दाखवलं काय होतं? मुख्यतः स्टोरीबोर्डची चित्रं, एकामागे एक लावलेली, त्यावर आवाज. म्हणजे फजिती झाली ती कागदावर. गोष्ट नव्यानं बांधली, वूडीला माणसात आणलं, आणि दोन वर्षांनी तोच चित्रपट थिएटरात लागला. तोच वूडी सगळं रेंडरिंग झाल्यावर नापास झाला असता तर कंपनी उरली असती का, मला शंका आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाका. चांगली चित्रं काढली म्हणजे काम बरोबर झालं, असं नाही. 'टॉय स्टोरी'ची टीम चित्रकलेत कच्ची नव्हती, तरी वूडी फसलाच. चित्राचा उपयोग चूक लवकर दिसायला.

माझंच सांगतो. ट्रेनिंगच्या आधी माझाही मसाल्यांचा आणि उपवासाच्या भाजणीचा छोटा धंदा होता. स्क्रीनवर पाऊचचं डिझाइन बघितलं, भारी वाटलं, त्याच दिवशी सिलिंडर बनवायला पैसे भरले. गडद मरून रंग, त्यावर काळी अक्षरं, वरच्या बाजूला पारदर्शक खिडकी. माल आला. दुकानात ट्यूबलाइटखाली नाव वाचता येईना. आणि पीठ तर खाली बसतं! खिडकीतून दिसायचा फक्त रिकामा पाऊच. दुकानदार म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक म्हणतंय माल कमी भरलाय." सत्तर हजारांच्या आसपास गेले. उरलेल्या पाऊचमध्ये आई दोन वर्षं गव्हाची कुरडई भरून नातेवाइकांना देत होती. (अजूनही लग्नाकार्यात टोमणे बसतात.)

तेव्हा एका कागदावर खडूनं ते रंग फासून, पिशवीला चिकटवून, दुकानाच्या फळीवर ठेवून बघितलं असतं तर खर्च किती? दहा रुपये.

म्हणून ताईंना माझं उत्तर असं की पाच हजार द्या, पण अट घाला. एक गुळगुळीत चित्र नको, सहा-सात ओबडधोबड हवीत, एकमेकांपेक्षा वेगळी. डिझायनर एकच चकाचक मॉकअप दाखवून "हेच भारी दिसतंय" म्हणाला तर पैसे देऊ नका, कारण चकाचक गोष्टीला नाही म्हणायला आपली जीभ रेटत नाही. आणि पसंती मोबाइलवर करू नका. खऱ्या मापाचा कागद कापा, खऱ्या पिठाच्या पिशवीवर लावा, दुकानात नेऊन चार पावलं लांब उभं राहा.

परवा ताईंचा फोटो आला. किराणा दुकानाची फळी, त्यावर कागद चिकटवलेल्या तीन पिशव्या. खिडकी त्यांनी खाली घेतलीय, पण फळीला समोरून भावाची पट्टी आहे, तिच्यामागे अर्धी खिडकी झाकली जातेय. खाली लिहिलं होतं, "सर, आता बाजूला घेऊन बघते. कागद अजून भरपूर आहे."