बिन, कोम आणि मयत : दप्तरांतला पूर्वज

सामान्य शेतकरी आपले चरित्र लिहून ठेवत नाही. त्याचे नाव कागदावर येते ते सारा भरताना, मुलाला शाळेत घालताना, तीर्थाला गेल्यावर नाहीतर मेल्यावर. यातली कोणतीच नोंद वंशजांसाठी केलेली नसते. म्हणून कोणते दप्तर कशासाठी ठेवले होते, हे कळले तरच त्यातला पूर्वज सापडतो.

शोध आजोबांपासून मागे जातो. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे व बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख मिळते. ही तारीख बऱ्याचदा मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते. वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म 1 जूनचा दिसला, तर त्याचे कारण हेच. त्याहून भरवशाचा गाव नमुना 14, म्हणजेच कोतवाल बुक. त्यातली जन्ममृत्यूची नोंद घटनेच्या जवळची असते. मात्र बारशाआधीच नोंद झाल्याने अमक्यास मुलगा झाला एवढेच लिहिलेले आढळते. बाळाचे नाव इतर कागदांवरून जुळवावे लागते.

पुढचा आधार जमीन. माणसे गाव सोडतात, शेत हलत नाही. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला आकडा फेरफाराचा असतो. त्याच्या मागे मागे गेले की खाते कोणाकडून कोणाकडे आले ते उलगडते. वारसाच्या फेरफारात खातेदार कधी मयत झाला व मागे कोण उरले, हे दोन्ही सापडते. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे तेथे जुन्या-नव्या नंबरांचा मेळ आधी घालावा लागतो. मराठवाड्यातले जुने कागद निजामी अमलातले असल्याने तेथे उर्दूशी गाठ पडते. 2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा ही सारी दप्तरे पुन्हा उघडली गेली.

जुन्या नोंदींत आडनाव अनेकदा नसतेच. ‘रामा बिन सटवा’ म्हणजे सटवाचा मुलगा रामा. ‘सखू कोम रामा’ म्हणजे रामाची बायको सखू. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात अल्पवयीन वारसाचा पालक. हे शब्द दिसले की वारस लहान असतानाच बाप गेला, असा अंदाज बांधता येतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. कालगणनाही निरनिराळी: शकात 78, फसलीत 590 आणि शुहूर सनात 599 मिळवले की इसवी सन येतो, महिन्यानुसार एका वर्षाच्या फरकाने. त्याहून मागे, पेशवाईत जायचे तर पुण्याचे पुरालेखागार गाठावे लागते. तेथल्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, वतनदार, इनामदार, पाटील-कुलकर्णी भेटतात. साधे कूळ क्वचित.

सरकारी दप्तर थांबते तेथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील नामावळींत गाव व आडनावावरून पान निघते; लिहिता येणाऱ्या यजमानाची सहीही दिसते. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचाही उच्चार होत असल्याने महसुली कागदांनी वगळलेल्या बायका येथे नावानिशी सापडू शकतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी समाजाचे लोक घरोघर येऊन वंशावळ सांगतात आणि नव्या पिढीची नावे टिपून नेतात.

गाव सोडून समुद्रापार गेलेल्यांचा माग वेगळा. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडचे मजूर करारावर मॉरिशसला गेले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवह्यांत अशा मजुराचे गाव, बापाचे नाव, वय, उंची आणि अंगावरची खूण आहे. 1860 च्या दशकापासून अनेकांची छायाचित्रेही आहेत. गावच्या तलाठ्याला त्याचे शेत ठाऊक होते. पूर्वजाचा चेहरा मात्र परक्या बंदरावरच्या कारकुनाने जपला.