पाक कुठे थांबवायचा?

थंड पाण्याच्या वाटीत उकळत्या पाकाचा थेंब टाकायचा, गार झाला की दोन बोटांत धरून मोडायचा. ‘कट्ट’ वाजला तर पाक झाला. वाकला तर अजून वेळ आहे. “हा थेंब चुकला की चिक्की दाताला चिकटते, आणि मग गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही,” असं लोणावळ्यातल्या एका कारागिराने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून लोणावळ्याला गेले की दुकानात कमी आणि मागच्या भट्टीपाशी जास्त वेळ जातो.

इतिहास थोडक्यात सांगते. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. घाटात राबणाऱ्या मजुरांना गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जायची, तिचीच पुढे चिक्की झाली, असं गावात सांगतात. मगनलाल या विक्रेत्याचं नाव चिक्कीला चिकटलं ते कायमचं. मग सहलीची गर्दी वाढली, द्रुतगती मार्ग झाला, आणि आज गावात पावलोपावली चिक्कीचं दुकान आहे. मला ओढ आहे ती त्यातल्या हाताने चिक्की लाटणाऱ्या लहान कारखान्यांची.

तिथे पहाटे शेंगदाणे भाजतात, चोळून सालं पाखडतात. कढईत गूळ विरघळतो, त्याला बुडबुडे येतात, वास बदलतो. साखरेचा कडक पाक साधारण दीडशे अंश सेल्सिअसला होतो. गूळ मात्र इतका सरळ नाही. तो लवकर करपतो आणि प्रत्येक ढेपेचा स्वभाव निराळा. म्हणून कारागीर रंग, वास आणि वाटीतला थेंब यांवर विसंबतो. दाणे पडले की घाई सुरू होते. तूप लावलेल्या ओट्यावर गोळा ओतायचा, लाटण्याने झरझर लाटायचा, गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या. मिनिटभर उशीर झाला तरी वड्यांऐवजी तुकडे पडतात.

खरी परीक्षा पावसाळ्यात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि ऐन पावसातच गिऱ्हाइकांची झुंबड असते. गुळातल्या साखरेचा काही भाग हवेतली ओल पटकन ओढून घेतो. सकाळी खुटखुटीत असलेली चिक्की उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत चिवट होते. त्यामुळे या दिवसांत पाक किंचित पुढे नेतात. पण जास्त पुढे गेला तर कडवटपणा येतो. मधली जागा फार थोडी. ती ज्याला सापडली तो कारागीर, असं माझं मत आहे.

एकदा जुलैमध्ये मी दोन किलो चिक्की कागदी पुड्यातच रत्नागिरीला नेली. पोचेपर्यंत तिचं एकच ढेकूळ झालं होतं. पुढच्या खेपेला तक्रार केली, तर कारागीर म्हणाला, “ताई, कुठे न्यायची ते आधी सांगायला हवं होतंत.” त्याने पैसे परत देऊ केले, मी घेतले नाहीत. तेव्हापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो: कुठे नेणार? कोण खाणार? किती दिवस ठेवणार? लांब जायची असेल तर लहान लहान हवाबंद पुडे करून देतो. आजोबांची कवळी असेल तर दाणे भरडून, पाकात चिमूटभर सोडा घालून पातळ लाटतो. सोड्याने पाकात हवा धरते आणि चिक्की सहज मोडते. “साखर नको, मधुमेह आहे,” म्हणणाऱ्याला गुळाची चिक्की पुढे करत नाही. गूळही साखरच, असं तोंडावर सांगतो. एवढी विक्री हातची जाते, पण ती माणसं घरच्या बाकीच्यांसाठी त्याच्याकडेच येतात.

तिथून निघाले की माझे पाय हटकून कार्ल्याच्या लेण्यांकडे वळतात. तिथल्या चैत्यगृहाच्या एका दाराचं दान धेनुकाकटच्या सिंहदत्ताने, सुगंधी द्रव्यांच्या एका व्यापाऱ्याने, दिल्याचं कोरलेलं आहे. दुसऱ्या एका लेखात दार घडवणाऱ्या सुताराचं नाव आहे: वेणुवासाचा मुलगा सामी. काम करवून घेणारा आणि करणारा, दोघांचीही नावं मावळातल्या दगडावर सुमारे दोन हजार वर्षं शेजारशेजारी आहेत. चिक्कीच्या पुड्यावर मात्र दुकानाचं नाव ठळक असतं आणि पाक करणाऱ्याचं कुठेच नसतं. ते असायला हवं.

या दिवाळीत लोणावळ्याला गेलात तर नुसतं “अर्धा किलो द्या” म्हणू नका. चिक्की कधी केली ते विचारा, एक तुकडा मोडून मागा, कुठे नेणार आणि कोण खाणार ते सांगा. आणि जमलं तर मागच्या दारी जाऊन, पाक कोणी केला तेही विचारून या.